आबासाहेब एसटीनं फिरायचे, बरं मग?

दरवर्षी ३० जुलै, आबासाहेबांची म्हणजे गणपतराव देशमुखांची पुण्यतिथी, आला की माझ्या व्हॉट्सअॅपवर तोच फॉरवर्ड फिरून येतो. गणपतराव देशमुख, सांगोला, ११ वेळा आमदार, एकच पक्ष (शेकाप, म्हणजे शेतकरी कामगार पक्ष), एकच मतदारसंघ, एसटीनं प्रवास, आणि शेवटी हात जोडलेली इमोजी नि "असे नेते आता होणे नाही". खाली पंधरावीस जण विनम्र अभिवादन टाकतात, त्यातले निम्मे मागच्याच आठवड्यात आपल्या आमदाराच्या नव्याकोऱ्या फॉर्च्युनरचं रील शेअर करून बसलेले असतात. मला ह्या फॉरवर्डचा आताशा वैताग यायला लागलाय. माणूस खोटा होता म्हणून नाही, माणूस खरोखरच तसा होता, त्याबद्दल त्यांच्या विरोधकांनाही शंका नव्हती. वैताग ह्याचा की साठ वर्षांचं एका तालुक्याचं राजकारण आपण एसटीच्या एका तिकिटात गुंडाळून ठेवलंय.

आधी त्या विक्रमाचं बघू, कारण तिथंही आपण घाईच करतो. "देशात सर्वात जास्त वेळा निवडून आलेला आमदार" असं सर्रास लिहिलं जातं, केरळात पाला मतदारसंघातून के. एम. मणी १३ वेळा निवडून आलेत, त्यामुळे ते विधान बरोबर नाही. महाराष्ट्रापुरतं बोला, मग ठीक आहे. पण ११ ह्या आकड्याच्या नादात कुणी हे बघतच नाही की गणपतराव दोनदा पडलेसुद्धा आहेत. १९६२ ला पहिल्यांदा आले, १९६७ ला परत आले, १९७२ ला पडले, १९७४ च्या पोटनिवडणुकीत परत आले, मग १९९० पर्यंत प्रत्येक वेळी, १९९५ ला पुन्हा पडले, आणि १९९९ ते २०१४ सलग चार. म्हणजे देवळातल्या देवासारखी बसवलेली जागा नव्हती ही, लोकांनी दोनदा उठवून बाजूला केलेलं आहे.

१९७२ चं समजू शकतो, बांगलादेश युद्धानंतरची इंदिरा लाट, काँग्रेसच्या राज्यात २२२ जागा, त्या पुरात काकासाहेब साळुंखे-पाटील सांगोल्यातून आले. पण १९९५? तेव्हा शहाजीबापू पाटील काँग्रेसच्या तिकिटावर जिंकले आणि जिंकले १९२ मतांनी. हिशोब करून बघा, ९७ माणसांनी बटण नव्हे, तेव्हा शिक्का होता, तो दुसरीकडे मारला असता तर निकाल फिरला असता. ९७ माणसं म्हणजे लग्नातली एक पंगतसुद्धा नाही. त्यातही गंमत अशी की १९९५ लाच मुंबईत युतीचं सरकार आलं, काँग्रेस ८० वर आली, आणि सांगोल्यानं नेमका त्याच वर्षी काँग्रेसचा आमदार पाठवला. शेकापचा विरोधी आमदार घालवून काँग्रेसचा विरोधी आमदार आणला, झालं काय, तालुका परत विरोधी बाकावरच.

आता मुद्द्यावर येतो. मला वाटतं सांगोला साधेपणानं टिकला नाही, संघटनेनं टिकला. गणपतराव मूळचे तिथले नाहीत, मोहोळ तालुक्यातल्या पेनूरचे, सांगोल्यात आले ते वकिली करायला. ना तिथं वाडा, ना इनाम, ना कारखाना. अशा माणसाला पहिल्या निवडणुकीत कुणी साधा आहे म्हणून मत देत नाही, त्या काळात सगळेच साधे होते हो, काँग्रेसवालेही एसटीनंच जायचे. त्यांच्यामागे होता तो शेकापचा लाल बावटा. शंकरराव मोरे, केशवराव जेधे वगैरे मंडळी काँग्रेसमधून फुटून निघाली तेव्हापासूनचा तो पक्ष, १९६७ ला विधानसभेत त्याचे १९ आमदार होते, १९७८ ला १३, आणि गावागावात त्यांची माणसं होती, जी तलाठ्याशी भांडायची, दुष्काळी कामावरची मजुरी मोजून घ्यायची, मोर्चाला भाकरी बांधून निघायची. पुढं ही संख्या घसरत गेली, १९९९ ला ५, २०१४ ला ३. रायगड सोडलं तर पक्ष जवळजवळ सगळीकडून पुसला गेला आणि सांगोला मात्र राहिला.

का राहिला ह्याचं माझं उत्तर जरा भूगोलाकडं जातं. सोलापूर जिल्ह्याचं राजकारण म्हणजे उसाचं राजकारण. जिथं कॅनॉल गेला तिथं ऊस आला, ऊस आला तिथं कारखाना, कारखान्यामागून चेअरमन, आणि चेअरमन आला की पाठोपाठ त्याचा मुलगा. अकलूज घ्या, पंढरपूर घ्या. सांगोला माणदेशाचा कोरडा तुकडा, माण नदी आहे पण ती वर्षातले बरेच महिने वाळूचीच असते. इथला सहकारी साखर कारखाना उभा राहिला आणि पुढं वर्षानुवर्षं बंद पडून होता. म्हणजे ज्या यंत्रानं शेजारच्या तालुक्यांत काँग्रेसचे सरदार तयार झाले ते यंत्रच इथं चाललं नाही. इथं काय होतं तर डाळिंब, खिलार बैलांचा बाजार, आणि कामासाठी गाव सोडणारी माणसं. आणि शेकापनं उभी केलेली सूतगिरणी, तीही अशा तालुक्यात जिथं कापूस पिकत नाही! ह्या एका गोष्टीवर खरं तर पीएचडी व्हायला पाहिजे, कारण राज्यात कापसाच्या पट्ट्यातल्या कितीतरी सूतगिरण्या कर्जात बुडाल्या आणि इथं बाहेरून कापूस आणून गिरणी चालवून दाखवली. फॉरवर्डमध्ये ह्याबद्दल एक ओळ असते, एसटीबद्दल चार.

जातीचं बोलल्याशिवाय पुढं जाता येत नाही, तेव्हा तेही उरकतो. धनगर समाज सांगोल्यात मोठा आहे, गणपतराव धनगर समाजाचे, त्यामुळे "तिथं काय, जातीचं गणित होतं" असं पुण्यात बसून म्हणणारे भरपूर भेटतात. एका जातीच्या मतांवर ११ वेळा निवडून येता येत नाही, त्यात शेकापचं नेतृत्व राज्यात बहुतांशी मराठा शेतकऱ्यांचं होतं, म्हणजे गावातला मराठा शेतकरी आणि धनगर मेंढपाळ एकाच झेंड्याखाली उभे होते. ही जुळणी कुणाच्या चेहऱ्यानं झाली नाही, कायम दुष्काळात असलेल्या माणसांचे प्रश्न एकसारखे होते म्हणून झाली. जात होतीच, नव्हती असं म्हणणारा खोटं बोलतोय, पण नुसती तीच होती असं म्हणणाराही.

पाण्याचा विषय मात्र जरा निवांत घ्यायला पाहिजे, कारण "साठ वर्षं आमदार होता मग पाणी का नाही आणलं" हा शहाजीबापूंच्या बाजूचा हुकमी प्रश्न, आणि "पाणी आणलं ते आबासाहेबांनीच" हे शेकापवाल्यांचं उत्तर, आणि माझ्या मते प्रश्न आणि उत्तर दोन्ही अर्धवट आहेत.

सांगोल्याला पाणी येणार कुठून? टेंभू, म्हैसाळ, उजनी, नीरा उजवा कालवा. प्रत्येक ठिकाणी सांगोला शेपटाला. शेपटाला असणं काय असतं हे ज्यानं पाळी धरलीय त्यालाच कळतं, कागदावर आवर्तन सुटलेलं असतं, वरच्या तालुक्यांत मोटारी चालू असतात, आणि तुम्ही रात्री दोनला बॅटरी घेऊन चारीच्या कडेला उभे, खाली नुसता ओलसर गाळ, पाणी आलं की येतं घोटाभर आणि तुमचा नंबर लागेपर्यंत बंद. वरच्यानं फाटा फोडला तर भांडायचं कुणाशी, त्याच्या मागं कारखाना आहे, चेअरमन आहे, मंत्री आहे.

टेंभूची योजना कराडजवळ कृष्णेतून पाणी उचलून कडेगाव, खानापूर, आटपाडी करत सांगोल्यापर्यंत आणायची. ती कुणा एका आमदाराच्या पत्रानं झाली नाही. बच्छावत लवादानं महाराष्ट्राला कृष्णेचं ५६० टीएमसी (अब्ज घनफूट) पाणी दिलं होतं आणि वाटपाचा फेरविचार २००० सालानंतर व्हायचा होता, तोवर अडवलं नाही तर पाणी हातचं जाईल ही भीती होती. त्याच वेळी आटपाडीला पाणी परिषदा भरत होत्या, नागनाथअण्णा नायकवडी, गणपतराव, भारत पाटणकर, तेरा दुष्काळी तालुक्यांची माणसं, समन्यायी पाणीवाटपाची मागणी. आणि १९९५ ला आलेल्या युती सरकारला अपक्षांचा टेकू लागत होता, त्या वातावरणात १९९६ ला कृष्णा खोरे महामंडळ निघालं, रोखे काढून पैसा उभा राहिला. आता बघा, ज्या वर्षी हे महामंडळ निघालं त्या वर्षी गणपतराव आमदार नव्हतेच, आमदार होते शहाजीबापू, तेही विरोधी पक्षाचे. म्हणजे पाणी "आणणारा" म्हणून ज्याचा फोटो लावायचा तो सापडतच नाही. लवादाची मुदत, परिषदांचा रेटा आणि टेकूवरचं सरकार ह्या तिन्ही गोष्टी एका वेळी जुळून आल्या. आंदोलन नसतं तर तेवढ्यावरही काही झालं नसतं, आणि नुसतं आंदोलन असतं तरीही नसतं.

मग विरोधी बाकावर बसल्याचा तोटा झाला का? झाला, उगाच नाकारायचं कशाला. गणपतराव दोनदा मंत्री झाले, १९७८ च्या शरद पवारांच्या पुलोद सरकारात आणि १९९९ नंतर विलासरावांच्या आघाडीत. दुसरं मंत्रिपद कसं गेलं ते मात्र फॉरवर्डमध्ये कधी येत नाही. २००२ ला रायगड जिल्हा परिषदेवरून शेकाप आणि राष्ट्रवादीचं फाटलं, पक्षानं सरकारचा पाठिंबा काढला, आणि सांगोल्याचा मंत्री गेला. रायगडच्या भांडणाची किंमत माणदेशानं मोजली. पक्षशिस्त म्हणून हे थोरच, आज असा कोण आहे, पण सांगोल्यातल्या डाळिंबवाल्याला त्यात काय मिळालं हा प्रश्नही विचारायला हवा, आणि तो विचारला की लगेच आपण आबासाहेबांचा अपमान केला असं होतं. साधेपणाचं देऊळ बांधलं की हिशोब विचारायची सोयच राहत नाही.

आता २०१९. वयामुळे गणपतराव थांबले. पक्षानं आधी घराबाहेरच्या माणसाचं नाव जाहीर केलं, आणि मग कार्यकर्त्यांनीच तो बेत हाणून पाडला, उमेदवार घरातलाच पाहिजे म्हणून. शेवटी नातू डॉ. अनिकेत देशमुख उभे राहिले आणि शहाजीबापूंकडून, जे आता शिवसेनेत होते, ७६८ मतांनी पडले. मला ह्या निवडणुकीतला सगळ्यात महत्त्वाचा क्षण ७६८ हा वाटत नाही, उमेदवारीचा तो गोंधळ वाटतो. ज्या पक्षानं घराणेशाहीच्या विरोधात आयुष्य घातलं, त्याच्या कार्यकर्त्याला साठ वर्षांनंतर आडनाव सोडून दुसरा आधार सुचला नाही. दोष कार्यकर्त्याचा म्हणू नका, त्याला पक्ष दिसतच नव्हता, पक्षाचे बाकीचे आमदार कुठं, कार्यक्रम कुठला, शिबिरं कुठली. त्याला दिसत होता एक म्हातारा सज्जन माणूस. मग त्यानं त्या माणसाचा वारस मागितला, तर त्यात नवल काय. आपण सगळ्यांनी, पेपरवाल्यांनी, भाषणं ठोकणाऱ्यांनी, वर्षानुवर्षं "पक्ष नको, माणूस बघा" हेच तर शिकवलं.

दुसरी एक गोष्ट दरम्यानच्या काळात झाली, तिच्यावर कुणी फारसं लिहीत नाही. २०१२-१३ आणि २०१८-१९ च्या दुष्काळात सांगोल्यात चारा छावण्या पडल्या. छावणी बघितली नसेल तर कल्पना करा, माळावर पत्र्याचे नि साड्यांचे आडोसे, दावणीला जनावरं, पहाटे पेंडेची रांग, एका टेबलावर रजिस्टर आणि त्यात कुणाची किती जनावरं ते लिहिणारा पोरगा. तो पोरगा कुणाचा माणूस, छावणी कुणाच्या संस्थेची, बिल कुणाच्या नावानं निघणार, ह्यातून गावात एक नवा थर तयार झाला. पूर्वीच्या दुष्काळात शेकापचा कार्यकर्ता मजुरांच्या बाजूनं सरकारशी भांडायचा, आताच्या दुष्काळात पुढारी स्वतःच सरकारचं काम घेऊन बसलेला. ही माणसं वाईट असं मी म्हणत नाही, जनावरं जगली हे खरंच आहे. पण भांडून मिळवणं आणि ओळखीनं मिळवणं ह्यात जो फरक आहे त्यानं लाल बावट्याची पाळंमुळं सैल केली असं माझं मत आहे, पटो न पटो. ७६८ मतं म्हणजे, तालुक्यात तीनेकशे बूथ धरले, तर बूथमागं दोन-अडीच मतं. जुन्या संघटनेत तेवढी मतं बूथवरचा एकटा माणूस दुपारनंतर चक्कर मारून काढून आणायचा.

मग आलं २०२२, गुवाहाटी, आणि शिंदेंच्या बंडात तिथं गेलेल्या बापूंचं "काय झाडी, काय डोंगार, काय हाटील". सगळा महाराष्ट्र हसला, रिंगटोन निघाल्या, आणि परत सांगोल्याची एक गोष्ट तयार झाली, पहिलीच्या अगदी उलटी. आधी एसटी, आता हाटील. संताच्या जागी खुशालचेंडू आला, केवढं अधःपतन, वगैरे. मला दोन्ही गोष्टी सारख्याच आळशी वाटतात. बापू निदान १९९५ पासून, म्हणजे आपल्यातले बरेच जण शाळेत होते तेव्हापासून, गणपतरावांसमोर उभे राहत आलेत, पडलेत, पक्ष बदललेत, परत उभे राहिलेत, त्यांचा एक स्वतःचा मतदार आहे, आणि त्या मतदाराची मागणी अगदी व्यवहाराची आहे, सत्तेत बसा आणि निधी आणा. त्यांनी तो आणलाही, शिंदे सरकारच्या काळात सांगोल्याच्या उपसा सिंचन योजनेला शेकडो कोटींची मंजुरी मिळाली, तिला नाव दिलं बाळासाहेब ठाकऱ्यांचं.

आणि तरीही २०२४ ला काय झालं? महायुती राज्यात २३० जागा घेऊन आली, लाडकी बहीण जोरात, सत्तेत राहा निधी मिळेल हे गणित सगळ्या महाराष्ट्राला पटलं, आणि सांगोल्यात, जिथं ते गणित सगळ्यात ठळक होतं, तिथं शेकापचे डॉ. बाबासाहेब देशमुख, गणपतरावांचे दुसरे नातू, २५ हजारांवर मतांनी जिंकले. तेही महाविकास आघाडीनं ठाकरे गटाकडून दीपकआबा साळुंखेंना समोर उभं केलेलं असताना, म्हणजे शेकापला स्वतःच्याच मित्रपक्षाशी लढावं लागलं. शेकापचा राज्यात निवडून आलेला हा एकमेव आमदार.

लगेच लेख आले, "आबासाहेबांची पुण्याई जिंकली". पुण्याईच जर मतं देत असेल तर २०१९ ला, आबासाहेब स्वतः हयात असताना, ती कुठं होती? लढत तिरंगी होती, सत्तेच्या बाजूची आणि विरोधातली गावोगावची पुढारी मंडळी बापू आणि दीपकआबांत वाटली गेली, गुवाहाटीचा राग काही मतदारांत होता, आणि शेकापचे गट निदान ह्या वेळी एका नावामागं उभे राहिले, ही कारणं जास्त जमिनीवरची आहेत. त्यात भर म्हणजे योजनेची मंजुरी निवडणुकीपर्यंत शेतात पोचत नाही, आदेश मोबाइलवर येतो आणि विहीर तशीच राहते. डाळिंबाच्या बागा तेल्या रोगानं आणि नंतर खोड पोखरणाऱ्या पिन होल बोररनं गेल्या, ज्यानं खोडासकट बाग उपटून बांधावर टाकलीय त्याला मंजुरीच्या बॅनरवरचा आकडा दाखवून काय उपयोग.

तेव्हा सांगोल्यानं २०२४ ला "निधीसाठी सत्तेला मत द्या" ह्याला नकार दिला असं मी म्हणेन, पण त्याचा अर्थ जुना शेकाप परत आला असा नाही काढणार. आलाय एक आमदार, त्याच आडनावाचा. विधानसभेत तो एकटा, मागे १९ सोडा, ५ सुद्धा नाहीत. आणि पुढची लढाई मंजुरीची नाहीच, ती चारी नि वितरिकांची आहे, शेपटाला पाणी किती दिवसांनी, किती तास, आणि पंपाचं वीजबिल कोण भरणार ह्याची. ते काम मुंबईत बसून एकटा आमदार करू शकत नाही, मग तो एसटीनं गेलेला असो नाहीतर विमानानं. त्याला प्रत्येक गावात पाळीचं टिपण ठेवणारी आणि वरच्या तालुक्यानं फाटा फोडला की दुसऱ्या दिवशी सकाळी पाटबंधारेच्या ऑफिसात जाऊन बसणारी दहा-दहा माणसं लागतात. ती सांगोल्यात एके काळी होती. आज किती गावांत आहेत हे आबासाहेबांचा फोटो फॉरवर्ड करणाऱ्यांनी एकदा मोजून सांगावं, पुढच्या ३० जुलैपर्यंत वेळ आहे.